मागच्या दोन फटी

७ सप्टेंबर

सूनबाई,

गाडीतला पंखा चालतो. हे आधी लिहिते, कारण पत्र उघडल्यावर तू तेच शोधशील. बटण दाबलं की घरघरतो, पूर्वीसारखाच. पण जाळीसमोर हात धरला तर हाताला काही लागत नाही. कुणी लांब बसून उसासा टाकावा, तेवढंच.

गेल्या हिवाळ्यात मी तुझ्या लेकीला, आपल्या पिपाणीला, घेऊन निघाले आणि घाटात काच आतून गोठली. पुढचा रस्ता मी खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवला. सुट्टी संपल्यावर तू तिला न्यायला आलीस, दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, ही मुलगी या गाडीत परत बसणार नाही. मी म्हणाले, बघू. तू म्हणालीस, बघायचं काही नाही, ठरलं. त्यानंतर आपण बोललो नाही. तिचे ओठ निळे पडले होते, असं तू म्हणतेस. तिने निळी गोळी चघळली होती, असं मी म्हणते. ते तिथेच राहू दे.

तुमचं दोघांचं मोडलं तेव्हा मी मुलाची बाजू घेतली नाही, असं मला वाटतं. तुला तसं वाटत नाही. तेही राहू दे.

घाटातली बस हिवाळ्यात बंद असते. पोर वर्षातून त्या एका सुट्टीत माझ्याकडे येते. एक सुट्टी चुकली की सवय मोडते. पुढच्या वर्षी तिला मैत्रिणी असतील, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही असेल, आणि माझ्याकडे यायचं असतं याची तिला कुणीतरी आठवण करून द्यावी लागेल. तेव्हा डिसेंबरपर्यंत गाडी गरम करायची, असं मी ठरवलं आहे.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला त्याची व्हॅन द्यायला तयार आहे. तू त्याला पाहिलं आहेस. तोंड कधी बंद नसतं म्हणून सगळे त्याला सायलेन्सर म्हणतात. मला व्हॅन नको. व्हॅनमधून आणली तर तू व्हॅनवर विश्वास टाकलास असं होईल.

उत्तर पाठव असं म्हणत नाही. काम कळवत राहीन.


२१ सप्टेंबर

सूनबाई,

डॅशबोर्ड काढला. आता तो माझ्या दुकानात टेबलावर आहे, दुरुस्तीला आलेल्या दोन अकॉर्डियनच्या मधे. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, हे कुठलं वाद्य.

इतकी वर्षं गाडी चालवली, पण आतली हवा कुठून येते हे मी कधी पाहिलं नव्हतं. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेला एक जाळी आहे. बाहेरची हवा तिथून शिरते. पंखा तिला ढकलतो. इंजिनचं गरम पाणी एका वहीएवढ्या रेडिएटरमधून फिरत असतं, हवा त्यातून गेली की तापते. पुढे दोन वाटा. एक पायांकडे, एक काचेकडे. वाट बदलायला मधे झडप. झालं. एवढंच यंत्र आहे.

जाळीखाली वाळलेली पानं होती, बादलीभर. त्यांच्या तळाशी उंदराचं घरटं. घरटं लाल फेल्टचं होतं, माझ्याच दुकानातून नेलेल्या. वाद्याच्या कळांच्या खाली मी लावते तेच लोकरी कापड. नीट केलं होतं, कडा गोल. काढताना वाईट वाटलं.

छोटा रेडिएटर सायलेन्सरने धुतला. तिसऱ्या खेपेलाही गंज येत होता. झडपेवरचा स्पंज हात लावताच भुगा झाला, तिथे मी फेल्ट बसवलं. हवेच्या दोन्ही नळ्या पुठ्ठ्याच्या होत्या. एक चिरलेली, दुसरीचं नुसतं तोंड उरलेलं. तशा आता कुठे मिळत नाहीत. मग मी त्या केल्या. पुठ्ठा, वर कापड, कोपऱ्यांना मऊ चामडं, भात्याला घालते तशा घड्या. हवं तिकडे वळतात, चिमटत नाहीत. सायलेन्सरने एक हातात घेतली, ताणली, मिटली, पुन्हा ताणली. म्हणाला, "आजी, आता गाडी चालवायची की वाजवायची?"

त्याला नळी आवडली. दुसऱ्या एका गाडीसाठी मागितली सुद्धा. मी म्हणाले, डिसेंबरनंतर.


१९ ऑक्टोबर

सूनबाई,

डॅशबोर्ड जागेवर गेला. एक स्क्रू उरला आहे. कुठला ते कळत नाही. काही हलतही नाही.

हवा पूर्वीपेक्षा बरी येते. बरी म्हणजे जाळीसमोर धरलेला कागद हलतो. माझं समाधान होत नाही. पंखा ढकलतो, नळी धड आहे, म्हणजे हवा वाटेत कुठेतरी पळत असणार. आणि पळणारी हवा पकडणं हा माझा धंदा आहे. त्यात मला कुणी शिकवायचं नाही.

तू दुकानात यायचीस तेव्हा पाहिलं असशील. अकॉर्डियन आलं की मी आधी वाजवत नाही. पट्टे सोडते, एकही कळ न दाबता भाता लोंबू देते आणि तो किती हळू उघडतो ते बघते. भरकन उघडला तर हवा गळते. मग ओठांजवळ धरून गळती शोधायची. ओठाला जेवढं कळतं तेवढं कशालाच कळत नाही.

गाडीला मी तसंच धरलं. पंखा लावला, दारं लावली आणि सगळ्या सांध्यांवरून तोंड फिरवत गेले. समोरच्या घरातली बाई खिडकीत उभी होती. मी गाडीचे मुके घेते आहे अशी तिची समजूत झाली असेल. दारांचं रबर सुकलं होतं, बदललं. केबल जिथून आत येतात ती भोकं मेण आणि चामड्याने बुजवली. पेडलांच्या पाठीमागे बोट जाईल एवढी भेग होती, ती भरली. मागच्या काचेखालच्या फळीवर मी पूर्वी जाड फेल्ट लावलं होतं, वाद्यं घासू नयेत म्हणून. ते उचललं तर खाली दोन लांब फटी, थेट बाहेर उघडणाऱ्या. इतकी वर्षं त्या फेल्टखाली होत्या आणि मला पत्ता नाही. दोन्ही चामडं चिकटवून बंद केल्या, वर फेल्ट परत ठोकलं.

आता दार लावलं की कानात दडे बसतात. असं घट्ट वाद्य मी आयुष्यात दोनदाच पाहिलं आहे.

थंडी पडली की घाटात नेऊन बघते. मग कळवते. पिपाणीला सांग, किंवा सांगू नकोस, तुझं तू ठरव.


६ नोव्हेंबर

सूनबाई,

काल घाटात नेली. पहिल्या वळणापर्यंत ठीक. नंतर काच धुरकटली, कडेकडून मधे. मी पंखा जोरात केला. आवाज वाढला, हवा नाही वाढली. बाहीने काच पुसत परत आले.

पूर्वीपेक्षा वाईट आहे. तुला हे कळवलं नसतं तरी चाललं असतं. कळवते.

सायलेन्सर म्हणाला, पंखा म्हातारा झालाय. त्याने एका ट्रकमधला मोठा पंखा आणून बसवला, पंख्याचं खोकं थोडं कापून. आता आवाज असा की शेजारच्या गल्लीत कळतं मी निघाले. जाळीसमोरचा कागद तेवढाच हलतो.

मुलगा रविवारी फोन करतो, तुला माहीत आहे. त्याने विचारलं, गाडी विकत का नाहीस. मी विचारलं, पोरीला भेटायला कधी जातोस. मग आम्ही हवामानाबद्दल बोललो.

सायलेन्सरने व्हॅनची किल्ली दुकानात आणून ठेवली आहे. बोलला काही नाही. त्याचं न बोलणं मला सहन होत नाही.


१६ नोव्हेंबर

सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी आहेत, पण त्या मी तुला परत लिहून दाखवते, म्हणजे मी काय वाचलं ते तुला कळेल.

"पत्रं मिळतात. पिपाणीला वाचून दाखवते. ती म्हणते, आजी काच खाली करून डोकं बाहेर काढायची तेव्हाच पायाला गरम लागायचं. बाकी ठीक."

पोस्टमन अजून फाटकापाशी होता. मी दारात उभ्या उभ्या वाचलं आणि दुकानात आले. एक दुरुस्त झालेलं अकॉर्डियन टेबलावर होतं. पट्टे सोडले आणि कळ न दाबता ओढून पाहिलं. हललं नाही. हलणारच नाही. ते मीच घट्ट केलं होतं. मग एक कळ दाबली. भाता सुळकन उघडला.

तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या यायला हवं होतं. भाता हलायला हवेला येण्याजाण्याची वाट लागते, हे मी वाद्य हातात धरायच्या आधी शिकले. बंद गाडीत पंखा हवा कोंबणार तरी किती? आतली बाहेर गेली तर बाहेरची आत येईल. मी दीड महिना खपून गाडीची एकेक कळ बंद केली आणि शिव्या पंख्याला दिल्या. मागच्या काचेखालच्या त्या फटी गळतीच्या नव्हत्या. बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवल्या होत्या, हवा जायला. आधी मी त्यांच्यावर फेल्ट अंथरलं, तेव्हापासून ही गाडी थंड. आता तर चामड्याने बुजवूनच टाकल्या. काच खाली केली की वाट व्हायची आणि पोरीचे पाय तापायचे. तिने ते ध्यानात ठेवलं. मी त्या वेळी रस्ता बघत होते.

सायलेन्सरला बोलावून सांगितलं. त्याने फटींवरून बोट फिरवलं. म्हणाला, "आजी, हे कुणाला सांगू नका. माझं गॅरेज बंद पडेल."

चामडं खरवडून काढलं. पण फट नुसती उघडी ठेवली तर वाऱ्याच्या झोताबरोबर थंडी आणि धूळ मागून आत येणार. त्यावर माझ्याकडे उपाय आहे आणि तो कुठल्याही गॅरेजात मिळणार नाही. अकॉर्डियनच्या आत प्रत्येक सुराच्या पत्तीला चामड्याची एक पातळ पापणी असते. हवा एका बाजूने आली की उघडते, उलटी आली की मिटते. तशाच दोन लांब पापण्या कापल्या. बकरीचं चामडं, आतली बाजू तासलेली. फटींवर बाहेरच्या अंगाने एका कडेला चिकटवल्या. फळीवरचं फेल्ट काढून टाकलं.

इंजिन तापू दिलं. पंखा लावला. मागे जाऊन उभी राहिले. दोन्ही पापण्या उचललेल्या होत्या आणि थरथरत होत्या. पंखा बंद केला, मिटल्या. लावला, उचलल्या. मी हे किती वेळा केलं ते सांगत नाही.

पुढच्या जाळीसमोर कागद धरला तर तो हातातून उडाला.

पिपाणीला हे पत्र पूर्ण वाचून दाखव. शिव्यांचं वगळलंस तरी चालेल.


२ डिसेंबर

सूनबाई,

घाटात बर्फ पडलं. रस्ता मोकळा केल्यावर लगेच गेले. सायलेन्सर बरोबर होता. टोपी, मफलर, हातमोजे घालून आला, म्हणाला, पोरं लहान आहेत माझी.

पहिल्या वळणावर त्याने हातमोजे काढले. दुसऱ्या चढावर टोपी. काच खालपासून वरपर्यंत स्वच्छ, कोपरेसुद्धा. मी वायपर लावले ते फक्त बाहेरच्या बर्फासाठी. वरच्या टोकाला जाऊन थांबले. पाय इतके गरम होते की बूट काढावेसे वाटले. सायलेन्सर सगळा घाट गप्प होता. वळून पाहिलं तर झोपला होता, तोंड उघडं.

त्याला उठवलं तर म्हणाला, "पोचलो?" मी म्हणाले, कुठेच जायचं नव्हतं, परत फिरायचंय. म्हणाला, मग अजून एक फेरी मारू.

व्हॅनची किल्ली मी त्याला त्याच दिवशी परत दिली.

आता माझं म्हणणं. विश्वास ठेवते असं तू मला सांगणार नाहीस आणि मी तो मागणार नाही. सुट्टी लागते त्या शनिवारी मी सकाळी तुझ्या दाराशी गाडी उभी करते. घाट ओलांडून आलेली असेल, म्हणजे ती तिथवर आली हाच एक पुरावा. तू खाली ये, आत बस, दार लाव, हवा तेवढा वेळ घे. मी बाहेर थांबते. तू नाही म्हणालीस तर मी पिपाणीला जिन्यात भेटते आणि परत जाते. वाद घालणार नाही. हे मी लिहून देते आहे, कारण समोर आल्यावर मी वाद घालते.


२३ डिसेंबर

सूनबाई,

पोचलो ते फोनवर सांगितलंच. पिपाणी झोपली आहे. घाटात तिने आधी कोट काढला, मग स्वेटर, मग मोजे, आणि मग पाय जाळीसमोर वर धरून मला सगळ्या वर्गाच्या चहाड्या सांगितल्या. वरच्या टोकाला एक मोठी नवी गाडी कडेला उभी होती, काच खरवडत. पिपाणीने त्यांना हात केला. मी हळू केली नाही, पण केली असती तरी चाललं असतं.

हे पत्र वेगळ्या गोष्टीसाठी आहे. शनिवारी तू आत होतीस आणि मी बाहेर. मला काय दिसलं ते तुला माहीत नाही.

तू खाली आलीस ती कामावरचा चेहरा घेऊन. वॉर्डात जातेस तशी. हातात थर्मामीटर. माझ्याशी बोलायच्या आधी तू बॉनेटवर हात ठेवलास. मग आत बसलीस, दार लावलंस आणि थर्मामीटर डॅशबोर्डवर उभा केलास. पंखा कुठून लावायचा हे विचारलं नाहीस. तुला आठवत होतं.

मी फुटपाथवर होते. थंडी अशी की नाकातलं पाणी गोठत होतं. खरं तर समोरच्या दुकानाच्या आडोशाला जाता आलं असतं. गेले नाही.

सुरुवातीला तू ताठ बसली होतीस, दोन्ही हात खिशात. काच धुरकटते का ते बघत होतीस. एकदा मुद्दाम तिच्यावर तोंडाची वाफ सोडलीस. वाफेचा डाग उमटला आणि बघता बघता गेला. तू पुन्हा सोडलीस. पुन्हा गेला. मग तू थर्मामीटर डोळ्यांजवळ नेलास, झटकलास, परत ठेवलास. तो बिघडला असं तुला वाटलं असणार.

मग तू कोटाचं वरचं बटण सोडलंस. तुला ते कळलंही नसेल. बोटं आपोआप गेली. मग दुसरं. मग मफलर मांडीवर आला. तू मान मागे टेकवलीस आणि डोळे मिटलेस. तुझ्या रात्रपाळ्या चालू आहेत हे पिपाणीने मला नंतर सांगितलं. त्या वेळी मला ठाऊक नव्हतं, पण मी गाडीच्या मागे गेले, म्हणजे तुझ्यासमोर उभं राहायला नको. मागच्या पापण्या उघड्या होत्या. त्यातून येणारी हवा माझ्या हातांना लागत होती. गरम होती. तिथेच थांबले.

बऱ्याच वेळाने काच खाली झाल्याचा आवाज आला. मी पुढे आले. तुझा चेहरा लाल झाला होता. म्हणालीस, "आई, हे कमी कुठून करायचं?"

तू तो खटका पुढेमागे करत होतीस. तो मोकळाच फिरत होता. मी म्हणाले, कमी होत नाही.

"म्हणजे?"

"केबल जोडली नाही."

"का?"

गरम जास्त करायचं एवढंच डोक्यात होतं. कमी करायची वेळ येईल हे ना मला सुचलं ना सायलेन्सरला. तसं मी सांगितलं. तू हसायला लागलीस. मोठ्याने, स्टिअरिंगवर कपाळ टेकवून. वरच्या मजल्यावरून पिपाणीने ओरडून विचारलं, काय झालं. तुला सांगता येईना. शेवटी मीच ओरडून सांगितलं की तुझी आई शिजली.

मग तू म्हणालीस, बाहेर का उभ्या आहात, आत या. मी दुसऱ्या बाजूने आत बसले. तू तुझी काच थोडी खाली ठेवली होतीस. मी माझी केली.

नंतर तू वर गेलीस. जिन्याचं दार उघडं राहिलं, म्हणून मला आतलं दिसत होतं. पिपाणीची बॅग तिथे होती आणि शेजारी ती जाड रजई, दोरीने दोनदा बांधलेली. माझ्या गाडीसाठी तू ती सकाळीच काढून ठेवली होतीस. पिपाणी धावत खाली आली. तू मागून आलीस, बॅग उचललीस, मागच्या सीटवर ठेवलीस आणि पिपाणीचा पट्टा लावलास. रजई तिथेच राहिली. मी मागितली नाही, आणि तू ती आणायला वळली नाहीस.